वर्गातली झेरॉक्स, गॅदरिंगमधलं गाणं आणि कॉपीराइट: शिक्षकांनी काय करावं, कुठे थांबावं

शाळांच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत कॉपीराइटचा विषय निघाला की दोन टोकांची उत्तरं ऐकू येतात. कोणी म्हणतं, "शिक्षणासाठी सगळं चालतं." कोणी म्हणतं, "एक पान झेरॉक्स केलं तरी गुन्हा, कशाला भानगडीत पडता?" दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि दोन्हींत नुकसान मुलांचंच होतं. पहिल्या समजुतीपायी शाळेचं यूट्यूब चॅनेल एखाद्या दिवशी बंद पडतं. दुसरीपायी माण, खटाव किंवा जतच्या एखाद्या शाळेत, जिथे कपाटात पुस्तकाची एकच प्रत आहे, तिथल्या सगळ्या वर्गाला ती गोष्ट वाचायला मिळत नाही. मला दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं, कारण त्याची कुठे नोंदही होत नाही.

आपला कायदा वर्गातल्या शिक्षकाच्या बाजूने आहे, आणि हे आधी मनात पक्कं करून घ्या. अडचण सुरू होते ती वर्गातली वस्तू वर्गाबाहेर गेली की. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर हे कुणासाठी आहे आणि कुठवर जाणार आहे, एवढं स्वतःला विचारत राहायचं.

आधी एक गैरसमज बाजूला

मोबाइलवर 'फेअर युज' (परवानगीशिवायचा रास्त वापर) शोधलं की जे लेख येतात ते बहुतेक अमेरिकन कायद्यावरचे असतात. किती भाग घेतला, बाजारावर काय परिणाम झाला वगैरे चार कसोट्या त्या कायद्यातल्या. आपल्याला लागू होतो तो भारताचा कॉपीराइट कायदा, १९५७. २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. शिक्षकाच्या कामाचं बहुतेक सगळं त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. कोणत्या गोष्टी केल्या तर हक्कभंग होत नाही, याची ही यादी आहे.

स्टाफरूममध्ये फिरणारे काही नियम या कायद्यात कुठेच नाहीत. 'पुस्तकाचा दहा टक्के भाग चालतो' असा आकडा त्यात नाही. 'तीस सेकंदांपर्यंतचं गाणं चालतं' हेही नाही. व्हिडिओखाली 'फक्त शैक्षणिक उपयोगासाठी' असं लिहिल्याने परवानगी मिळत नाही. लेखकाचं नाव दिलं म्हणजे परवानगी घेतली असंही होत नाही. नाव द्यायचंच, तो लेखकाचा मान आहे आणि कलम ५७ प्रमाणे हक्कही आहे, पण परवानगीची गोष्ट वेगळी.

पायरी १: हक्क अजून चालू आहे का, ते मोजा

ही पायरी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, तर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे मृत्यूचं साल घ्या, त्यात ६१ मिळवा. जे साल येईल त्याच्या १ जानेवारीला ते लेखन सर्वांसाठी मोकळं होतं.

आपल्याच सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली नावं घेऊन पाहू. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली. दोघांची नाटकं केव्हाच मोकळी झाली आहेत. बा. सी. मर्ढेकर, ज्यांचं मूळ गाव साताऱ्याजवळचं मर्ढे, त्यांचं निधन १९५६ चं. १९५६ अधिक ६१ म्हणजे २०१७. त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०३० ला मोकळं होईल. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणून २०३७. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, म्हणून २०३८. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे आणि प्राथमिक शाळांसाठी तो मोठाच खजिना आहे.

लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची ६० वर्षं त्या प्रकाशनापासून मोजतात. सिनेमा आणि ध्वनिमुद्रणाचीही तसंच, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं.

इथे एक खाचखळगा आहे. मूळ मजकूर मोकळा असला तरी त्यावर नंतर कुणी केलेलं काम मोकळं नसतं. तुकोबांचे अभंग, सज्जनगडावर रोज म्हटले जाणारे मनाचे श्लोक, ज्ञानेश्वरी यांवर कुणाचा हक्क नाही. पण गेल्या वीस वर्षांत कुणी लिहिलेली त्यांची टीका, प्रस्तावना, अर्थ, आतली चित्रं यांवर हक्क आहे. एखाद्या गायकाने गायलेल्या अभंगाच्या ध्वनिमुद्रणावर वेगळा हक्क आहे. परदेशी गोष्ट दोनशे वर्षांची असली तरी तिच्या ताज्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा हक्क आहे. त्यामुळे मुखपृष्ठावरच्या नावावर थांबू नका, आतल्या पानावरची आवृत्ती आणि प्रकाशनवर्षही पाहा.

पायरी २: माहिती घेताय की मांडणी?

हक्क असतो तो शब्दांवर, मांडणीवर, चित्रावर. माहितीवर आणि कल्पनेवर नसतो. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, ही माहिती कुणाच्या मालकीची नाही. ती तुम्ही तुमच्या शब्दांत फळ्यावर, स्वाध्यायपत्रिकेत, शाळेच्या अंकात कुठेही लिहू शकता. वाईत ज्याचं कार्यालय आहे त्या विश्वकोश मंडळाचा मराठी विश्वकोश संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. त्यातली माहिती वाचा, समजून घ्या आणि आपल्या वर्गाला झेपेल अशा मराठीत लिहा. नोंद जशीच्या तशी उचलून आपल्या नावाने छापू नका. मोफत वाचायला मिळणं वेगळं आणि हवं तिथे छापायची मुभा असणं वेगळं.

खरं तर स्वतःच्या शब्दांत लिहिलेली स्वाध्यायपत्रिका मुलांना जास्त उमजते. पाटणच्या डोंगरातल्या मुलाला कोणता शब्द अडेल आणि मिरजेतल्या मुलाला कोणता, हे त्याच्या बाईंना कुठल्याही कोशापेक्षा जास्त माहीत असतं.

पायरी ३: वर्गात शिकवताना

कलम ५२(१)(आय) सांगतं की शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची प्रत केली, तर तो हक्कभंग नाही. परीक्षेच्या प्रश्नांत उतारा घातला किंवा उत्तरात मुलाने तो उतरवला, तरी नाही. म्हणजे माडगूळकरांची कविता, जिच्यावर अजून हक्क आहे, ती फळ्यावर पूर्ण लिहून देता येते. चाळीस मुलांसाठी तिच्या चाळीस प्रती काढता येतात. घटक चाचणीत अपठित उतारा म्हणून कादंबरीतला परिच्छेद घेता येतो. भित्तिपत्रकावर मुलाने ती कविता उतरवली तर कुणाला घाबरायचं कारण नाही.

'अध्यापनाच्या ओघात' म्हणजे नेमकं किती, या प्रश्नावर आपल्याकडे एक मोठा खटला झाला. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातला एक झेरॉक्सवाला अभ्यासक्रमातल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून त्यांचे संच विकत होता. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये त्याच्यावर आणि विद्यापीठावर दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. डिसेंबरमध्ये खंडपीठाने काही वस्तुस्थितीचे मुद्दे तपासायला दावा परत पाठवला, पण कायद्याचा अर्थ शिक्षकांच्या बाजूने लावला. अध्यापन म्हणजे तासाच्या पस्तीस-चाळीस मिनिटांतलं बोलणं एवढंच नाही, तर अभ्यासक्रम आखण्यापासूनची सगळी प्रक्रिया त्यात येते. प्रती शिक्षकाने स्वतःच्या हाताने काढायला हव्यात असं नाही, झेरॉक्सवाल्याकडून काढून घेतल्या तरी चालतं. किती पानं, याची टक्केवारी नाही. शिकवण्याच्या हेतूला जेवढं लागतं तेवढं घेतलंय का, हे पाहायचं. प्रकाशकांनी पुढे २०१७ मध्ये दावा मागे घेतला.

हा निकाल दिल्लीचा आहे. मुंबई उच्च न्यायालयावर तो बंधनकारक नाही, तरी या विषयावरचा देशातला सगळ्यात सविस्तर निकाल म्हणून त्याचं वजन आहे.

आता व्यवहारात काय करायचं? समजा नववीच्या वर्गाला ग्रामीण कथा शिकवायची आहे आणि वाचनालयात कथासंग्रहाची एकच प्रत आहे. जी कथा शिकवणार तेवढीच झेरॉक्सला द्या, अख्खा संग्रह नको. पहिल्या पानाच्या वर पेनाने कथेचं नाव, लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल आणि 'इयत्ता नववी, वर्गात वापरण्यासाठी' असं लिहा, मग प्रती काढा. प्रती वर्गातल्या पटाइतक्याच, फार तर एक-दोन जास्त. मुलांकडून फक्त झेरॉक्सचा खर्च घ्या, वर एक रुपयाही नको. पुस्तक बाजारात मिळत असेल तर वाचनालयासाठी पुढच्या खरेदीत आणखी प्रती मागवा. लेखकाला मानधन त्यातूनच मिळतं आणि कथा आवडलेल्या मुलाला पूर्ण पुस्तक हाती लागतं.

शिष्यवृत्तीचं अख्खं मार्गदर्शक पुस्तक झेरॉक्स करून वर्गभर वाटणं मात्र या कलमाच्या आधारावर टिकणं अवघड आहे. ते पुस्तक विकत घेतलं जावं म्हणूनच लिहिलेलं असतं. गुरुजींनी तयार केलेल्या 'नोट्स', ज्यांत निम्मा मजकूर तीन गाइडांतून उचललेला आहे आणि ज्या बाहेर शंभर रुपयांना विकल्या जातात, त्याही अध्यापन या नावाखाली बसत नाहीत. हा सरळ धंदा आहे.

वर्गात सिनेमा किंवा माहितीपट दाखवता येतो, त्यासाठी कलम ५२(१)(जे) आहे. तो अधिकृत मार्गाने मिळवलेला असावा, टेलिग्रामवरून उतरवलेला नको. ओटीटीचं खातं वापरणार असाल तर कंपनीच्या अटी वाचा. बहुतेक खाती घरगुती वापरासाठीच दिलेली असतात, आणि कायदा मुभा देत असला तरी करार आपल्या जागी असतोच.

पायरी ४: गॅदरिंग

डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात. वरचंच कलम सांगतं की शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी नाटक, कविता, गाणं सादर केलं किंवा ध्वनिमुद्रण वाजवलं, तर परवानगी लागत नाही. अट प्रेक्षकांची आहे: शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे आईवडील-पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं. शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यात आले.

पण आपल्या गावातलं गॅदरिंग कसं असतं ते आठवा. शाळेच्या मैदानावर मांडव, कुणाच्या तरी मोबाइलवरून साउंड सिस्टिमला जोडलेलं सिनेमाचं गाणं, पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर पाहुणे आणि कडेला मोटारसायकली लावून उभं असलेलं अख्खं गाव. ज्यांची मुलं शाळेत नाहीत तेही असतात. कायद्याने पाहिलं तर तिथे सवलतीची अट मोडलेली असते. रोजच्या व्यवहारात यावरून कुणी खेड्यातल्या शाळेच्या मागे लागत नाही हे खरं, पण तिकीट लावलं, प्रायोजकाचा फलक लावला किंवा थेट प्रक्षेपण केलं की चित्र पालटतं.

यातून मार्ग आहे आणि तो मला मनापासून आवडतो. कार्यक्रमात आपल्या मातीतलं वाढवा. लेझीम, धनगरी गजनृत्य, भारूड, जात्यावरच्या ओव्या, परंपरेने चालत आलेले पोवाडे यांवर कुणाचा हक्क नाही. अट एकच, मुलांनी ते स्वतः गावं-वाजवावं, कंपनीच्या रेकॉर्डिंगवर नाचू नये. गावातल्या हलगीवाल्याला बोलवा, त्याला मानधन द्या. सिनेगीत हवंच असेल तर तो भाग पालकांपुरता ठेवा. मोठा, सर्वांसाठी खुला कार्यक्रम करायचा असेल तर परवाना काढा: गीत आणि संगीताचे परवाने आयपीआरएस ही संस्था देते, ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुधा म्युझिक कंपनीकडे असतात.

एकांकिका स्पर्धेचं वेगळं. तिथला प्रेक्षक शाळेचा नसतो, म्हणून हयात लेखकाचं किंवा वारसांचं संमतीपत्र आधी घ्या. नाटकवाल्यांच्या सांगलीत हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही.

पायरी ५: व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि टेलिग्राम

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे फक्त तुमचे विद्यार्थी-पालक आहेत, कवितेच्या एका पानाचा फोटो टाकणं हे वर्गात प्रत वाटण्याच्या जवळचं आहे. अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ तिथे टाकू नका, कारण ती तासाभरात तालुकाभर फिरते. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ हवी असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळाची लिंक द्या. पुस्तक तिथून मोफत उतरवता येतं, पण हक्क बालभारतीचेच आहेत. तीच फाइल आपल्या ब्लॉगवर चढवून शेजारी जाहिराती लावणं गैर आहे. लिंक दिली की हा प्रश्नच उरत नाही आणि मुलांना ताजी आवृत्तीही मिळते.

यूट्यूबवरचा सार्वजनिक व्हिडिओ म्हणजे वर्ग नव्हे, हे लक्षात ठेवा. तिथे पाठ्यपुस्तकाची पानं दाखवून पूर्ण धडा वाचला तर अध्यापनाच्या कलमाचा आधार डळमळीत होतो. स्वतः समजावून सांगा, लागेल तिथे दोन-चार ओळी उद्धृत करा, चित्रं स्वतः काढा. एखाद्या कवितेची समीक्षा करत असाल तर तेवढ्यापुरतं अवतरण घ्यायला कलम ५२(१)(ए) आहेच. पार्श्वसंगीत यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीतून घ्या.

सूचना आलीच तर घाबरून चॅनेल बंद करू नका. 'कंटेंट आयडी क्लेम' म्हणजे यंत्राने ओळखलेलं गाणं. त्याने स्ट्राइक पडत नाही. तेवढं गाणं काढलं किंवा बदललं की भागतं. 'कॉपीराइट स्ट्राइक' गंभीर असतो: ९० दिवसांत असे तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. पहिल्या स्ट्राइकलाच व्हिडिओ नीट पाहा. चूक आपली असेल तर हक्कदाराला लिहा आणि तक्रार मागे घ्यायची विनंती करा. मजकूर खरंच आपला असेल तर मात्र प्रतिदावा करा.

पायरी ६: चित्रं कुठून घ्यायची

गूगलवर दिसलेलं चित्र गूगलचं नसतं, कुणातरी छायाचित्रकाराचं असतं. वर्गातल्या टीव्हीवर दाखवायला हरकत नाही. शाळेच्या अंकात, फलकावर, संकेतस्थळावर छापायचं असेल तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. तिथल्या प्रत्येक चित्राखाली परवाना लिहिलेला असतो. 'सीसी' म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, निर्मात्याने स्वतःहून दिलेला मोकळा परवाना. 'सीसी बाय' असेल तर श्रेय देऊन वापरा, 'सीसी बाय-एसए' असेल तर बदललेलं चित्रही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं, आणि दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर 'एनसी' दिसलं तर पैशाच्या कामाला नाही. श्रेयाची ओळ अशी लिहा: 'अजिंक्यतारा किल्ला. छायाचित्र: (छायाचित्रकाराचं नाव), विकिमीडिया कॉमन्स, सीसी बाय-एसए ४.०.' अंक तयार करताना ही ओळ चित्राबरोबरच टाइप करून ठेवा. छपाईच्या आदल्या रात्री ती शोधत बसलं की सापडत नाही.

पायरी ७: परवानगी मागा

आपल्याकडे लोक परवानगी मागायला संकोचतात. मराठी प्रकाशक आणि लेखक शाळेच्या पत्राला चांगलं उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे. पत्र लहान ठेवा, पण नेमकं लिहा:

'आमच्या शाळेच्या वार्षिक अंकात आपल्या (पुस्तकाचं नाव) या संग्रहातली (शीर्षक) ही कविता, पृष्ठ अमुक, छापण्याची परवानगी मिळावी. अंकाच्या अमुक प्रती निघतील व त्या विनामूल्य वाटल्या जातील. कवीचं व प्रकाशकाचं नाव कवितेखाली देऊ. अंक संकेतस्थळावर ठेवणार नाही. छापील प्रत आपल्याला पाठवू.'

मुख्याध्यापकांच्या सहीने, शाळेच्या लेटरहेडवर, छपाईच्या दोन महिने आधी पाठवा. उत्तर आलं नाही म्हणजे होकार असं धरू नका. दुसरी कविता घ्या. आलेली पत्रं एका फाइलीत लावून ठेवा, कारण शिक्षक बदलून जातात आणि प्रश्न मागे राहणाऱ्याला विचारला जातो.

मुलांचं आणि तुमचं स्वतःचं

शाळेच्या अंकातली पाचवीतल्या मुलीची कविता तिच्या मालकीची आहे. शाळा तिला पगार देत नाही, त्यामुळे शाळा मालक होत नाही. अंकाबाहेर कुठे छापायची असेल, स्पर्धेला पाठवायची असेल, तर तिला आणि तिच्या पालकांना विचारा. तिच्या ओळी दुरुस्त करून पार बदलून टाकल्या तर तेही तिला दाखवा. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या शब्दांना किंमत आहे हे मुलाला कळण्याची पहिली जागा ही आहे.

शिक्षकाने नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्यावर, वेगळा करार नसेल तर, पहिला हक्क मालकाचा म्हणजे संस्थेचा किंवा शासनाचा ठरू शकतो. रात्री घरी, स्वतःच्या मनाने लिहिलेली बालकथा तुमची. नेमणूकपत्र एकदा वाचा. आपलं साहित्य इतर शाळांनी वापरावं असं वाटत असेल तर त्यावर स्वतःच 'सीसी बाय' लिहून टाका, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातल्या बाईंना निर्धास्तपणे ते वापरता येईल आणि तुमचं नावही राहील.

दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर

इथे कायदा सगळ्यात मोकळा आहे आणि सगळ्यात कमी वापरला जातो. कलम ५२(१)(झेडबी) २०१२ मध्ये आलं. अपंगत्वामुळे ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठी कुणीही ते ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरांत, ध्वनिरूपात किंवा संगणक वाचून दाखवेल अशा रूपात करू शकतं. शिक्षणासाठी अशा प्रती दुसऱ्या अपंग व्यक्तींनाही देता येतात. याच विषयावरच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. तेव्हा वर्गात असा मुलगा किंवा मुलगी असेल तर अख्खं पुस्तक वाचून रेकॉर्ड करा. इथे 'लागेल तेवढाच भाग' हा हिशेब नाही. वरच्या वर्गातल्या, चांगलं वाचणाऱ्या मुलांना एकेक धडा वाटून द्या, शांत खोलीत मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावा, धड्याचं नाव आणि पानाचा क्रमांक सुरुवातीला बोलायला सांगा. फाइली त्या विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये क्रमाने टाका. सार्वजनिक चॅनेलवर चढवू नका, कारण सवलत त्याच्यासाठी आहे. शेजारच्या शाळेत असाच कुणी असेल तर त्यालाही द्या.